बलभीम सुताराचं अक्षय्य चाक

खडकवाडीच्या बलभीम सुतारानं आपोआप फिरणारं चाक केलं, ही बातमी येरमाळ्याच्या बाजारात पोचली तेव्हा पंचाक्षरी गुरुजी वांगी निवडत होते.

वांगीवाली म्हणाली, "तुमच्या गावात म्हनं चाक फिरतंय. बैल न्हाय, मानूस न्हाय, कायबी न्हाय."

"असं होत नसतं, बाई."

"तुमी बगितलं का?"

"फिरताना न बघताही सांगतो."

"मास्तर हाय न्हवं! न बगताच सांगनार," म्हणून तिनं शेजारणीला डोळा घातला आणि एक किडकं वांगं पिशवीत सरकवलं.

गुरुजी चिडले, ते वांग्यावर नाही. ह्या चाकाचं मूळ त्यांच्याच जिभेवर होतं आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पंचाक्षरी गुरुजी हैदराबादला दोन वर्षं विज्ञान शिकले होते, उर्दूतून. तिथं एक प्रोफेसर होते, काळी शेरवानी घालणारे, पान खाणारे. ते म्हणायचे, कुदरत का कानून जो कल था, वही कल रहेगा. मग फळ्यावर मोठ्ठा 'कल' लिहायचे आणि विचारायचे, बोला, हा कल म्हणजे काल का उद्या? पोरं हसायची. ते हसत नसत. म्हणायचे, ओळखता येत नाही ना? कुदरतीलाही ओळखता येत नाही. तिचा कायदा काल आणि उद्यात फरक करत नाही, आणि फरक करत नाही म्हणूनच तवानाई म्हणजे शक्ती कमी होत नाही की वाढत नाही. इथला कायदा तोच तिथला, म्हणून वेग आणि वजनाचा हिशोब टिकतो. ह्या दिशेचा तोच त्या दिशेचा, म्हणून फिरण्याचा टिकतो. हे सगळं जर्मनीतल्या एका बाईनं गणितानं सिद्ध केलं, आणि तिथल्या शहाण्यांनी ती बाई आहे म्हणून तिला कित्येक वर्षं बिनपगारी शिकवायला लावलं.

मग निजाम गेला. कॉलेजातली उर्दू गेली, इंग्रजी आली. पंचाक्षरीला इंग्रजी येत नव्हती, तो नापास झाला आणि गावाकडं येऊन प्राथमिक शाळेत मास्तर झाला. स्वातंत्र्य आलं हे खरं. ज्यांच्या डोक्यावरून ते गेलं त्यांची यादी कुणी केली नाही हेही तितकंच खरं.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात त्यांनी चावडीत प्रौढांचा वर्ग घेतला. तवानाईला मराठीत काय म्हणायचं म्हणून पुण्याहून आलेलं पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं, ऊर्जा अक्षय्य आहे. गुरुजींनी ते तसंच मोठ्यानं वाचलं.

इथं घोटाळा झाला. पुस्तकवाल्याला म्हणायचं होतं, आहे तेवढीच राहते. पण अक्षय्य हा शब्द खडकवाडीला चांगला माहीत होता. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, केलेलं दान अक्षय्य. द्रौपदीची थाळी अक्षय्य, कितीही वाढा, सरत नाही. मागच्या रांगेत बसलेल्या बलभीम सुतारानं मान वर केली.

"गुरुजी, ऊर्जा म्हंजी ताकदच न्हवं?"

"हां."

"आन ती सरत न्हाय?"

"नाही सरत."

एवढंच झालं. गुरुजींनी पान उलटलं.

बलभीम पस्तिशीचा, हाताचा सोन्यासारखा माणूस. त्यानं केलेली तिफण पंचक्रोशीत ओळखू यायची. घरात तो आणि बायको दगडाबाई. तिला दोनदा दिवस गेले, दोन्ही पोरं पोटातच गेली. आता तिसऱ्यांदा पाचवा लागला होता. सिताबाई सुईणीनं निक्षून सांगितलं होतं, "घागर उचलू नगस, दोर वढू नगस. ह्या बारीला गेलं तर तूबी जाशील." दाराशेजारीच आड होता, पण दहा परस खोल. एकावर एक दहा माणसं उभी करावीत एवढा. चार घागरी शेंदायच्या तर पाठीचा कणा वाकायचा.

बलभीमनं स्वतः दोर ओढला असता तर काही जग बुडत नव्हतं. पण गड्यानं घागर धरली की खडकवाडीत गडी राहत नाही. एकदा त्यानं शेंदलं होतं, तर पाणवठ्यावरच्या बायांनीच पदर तोंडाला लावून विचारलं होतं, "लुगडं कवा नेसताय, मामा?" माणूस मरणाला भीत नाही एवढा हसण्याला भितो. म्हणून बलभीमनं बायकोला वाचवायला दोर धरला नाही, चाक करायला घेतलं.

बाभळीचं चाक, पुरुषभर उंच. त्यात बारा तिरके खण, दर खणात एक गोल घडवलेला दगड. एका बाजूला दगड घरंगळून काठाला जायचे, दुसऱ्या बाजूला आसाकडं यायचे. काठाची बाजू जड, म्हणून चाक त्या बाजूला कायमचं पडत राहणार, असा हिशोब.

गुरुजी चाक बघायला गेले होते तेव्हाच, आषाढात. तासभर समजावलं. काठाला गेलेले दगड लांब आहेत, पण थोडे आहेत. जवळचे जवळ आहेत, पण जास्त आहेत. बरोबरी होते. बलभीमनं डोकं खाजवलं. म्हणून गुरुजींनी प्रोफेसरांची गोष्ट काढली.

"बघ बलभीम. समज, सकाळी पाणी हलकं असतं आणि दुपारी जड. मग सकाळी हलकं हलकं वर काढायचं, दुपारी जड झालं की खाली सोडायचं आणि त्याच्यावर चाक फिरवायचं. फुकट ताकद मिळाली असती. पण सकाळचा कायदा तोच दुपारचा. काल तोच उद्या. म्हणून फुकट काही मिळत नाही."

बलभीमचे डोळे चमकले.

चार दिवसांनी बलभीम शाळेत हजर. "गुरुजी, एक धोंडा सकाळी तोलला, दुपारी तोलला, सांजच्याला तोलला. वाण्याच्या काट्यावर."

"आणि?"

"फरक पडतूय. पर तो वाण्यामुळं पडतूय. दुपारी त्याचा पोरगा बसतो, तवा बरूबर भरतंय."

गुरुजींना हसू आलं. मग त्यांच्या ध्यानात आलं. 'असं असतं तर' म्हटलेलं त्यानं 'असं असेल' म्हणून ऐकलं होतं. उर्दूत एका शब्दात बसलेली गोष्ट मराठीत दोन तुकडे होऊन पडली होती: काल वेगळा, उद्या वेगळा. आणि बलभीमसारख्याच्या हाताला त्यातला उद्याच तेवढा लागत होता.

श्रावणात चाक फिरायला लागलं.

बलभीम सकाळी चाकाला टिचकी मारून बाहेरगावी कामाला गेला, तिसऱ्या प्रहरी परत आला तर चाक फिरतंच आहे. तो चिखलातून पळत शाळेत आला, पोरांसमोर गुरुजींचे पाय धरले. रोज तसंच व्हायला लागलं. सरपंच महारुद्र पाटील येऊन बघून गेला. बाजारात बातमी गेली.

वांग्याची पिशवी घेऊन गुरुजी बाजारातून चालत आले ते घरी न जाता थेट सुताराच्या दारात. बलभीम नव्हता. चाक फिरत होतं, कुरकुर करत. गुरुजी समोरच्या ओट्यावर बसले आणि बघत राहिले. धूर दिसला की माणूस विस्तव शोधतो, तसं त्यांचं झालं होतं. ताकद येतेय तर कुठून तरी येतेय. कायदा काही सुतारासाठी सुट्टीवर जात नाही.

थोड्या वेळानं चाक मंद झालं. मग डुलायला लागलं. मग थांबलं.

दगडाबाई दारात आली. गुरुजींना बघून तिनं पदर ओढला. आत गेली. पुन्हा आली. उन्हाकडं बघितलं. बलभीमची यायची वेळ झाली होती.

"ढकला की," गुरुजी म्हणाले, "माझ्यासमोर ढकला."

ती उंबऱ्यावर बसली. बोटानं भुई उकरायला लागली.

"पयल्यांदा चुकूनच ढकललं, गुरुजी. ते गल्लीत आलेले दिसले, चाक थांबलेलं. म्या म्हनलं, एवढा जीव लावलाय मानसानं. दिला धक्का. तर असे हसले… दुसरं लेकरू गेल्यापास्नं त्यांचे दात दिसले नव्हते बगा. त्या दिशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मंग काय, रोजच. कोन बगाया आलं तरीबी."

"तुम्हाला ओझं नको म्हणून तो चाक करतोय, आणि तुम्हीच—"

"धक्का म्हंजी काय वझं हाय का?"

"मी सांगतो त्याला."

"सांगा," ती म्हणाली. "सांगा आन मंग त्यांच्याकडं बगत बसा तुमी. मला न्हाय बगवत."

गल्लीच्या तोंडाला बलभीम दिसला. डोक्यावर वाकस-करवतीचं गाठोडं. दगडाबाई उठली, चाकाजवळ गेली आणि गुरुजींच्या डोळ्यांत बघत दोन्ही हातांनी धक्का दिला.

"फिरतंय न्हवं?" बलभीम लांबूनच ओरडला.

पंचाक्षरी गुरुजींनी तोंड उघडलं. "फिरतंय," ते म्हणाले. आणि घरी येऊन त्यांनी वांग्याची पिशवी भिंतीवर फेकली.

हा माणूस भित्रा नव्हता. रझाकारांच्या दिवसांत, हैदराबादला शिकत असताना, पळून आलेली दोन कुटुंबं त्यानं आपल्या खोलीत लपवून ठेवली होती. पण बंदुकीपुढं उभं राहायला एक छाती लागते आणि हसणाऱ्या माणसाला 'तू खुळा आहेस' सांगायला दुसरी. ती त्याच्याजवळ नव्हती.

भादव्यात महारुद्र पाटलानं ब्लॉकच्या साहेबाला आणायचं ठरवलं. ब्लॉकात पिण्याच्या पाण्यासाठी एक तेलाचं इंजिन आलं होतं. कुठल्या गावाला द्यायचं ते साहेब ठरवणार होता, आणि खडकवाडीचं नाव यादीत पहिलं होतं. पाटलाला इंजिनापेक्षा फोटोत गोडी. साहेबासमोर चाकानं आडातलं पाणी काढून दाखवायचं, पेपरात नाव आणायचं.

गुरुजी पाटलाकडं गेले. "पाटील, ते चाक पाणी काढणार नाही. गावाचं हसं होईल."

"कशावरनं?"

गुरुजींनी कशावरून ते सांगितलं. काल, उद्या, कायदा, बेरीज. पाटील पारावर बसून सुपारी कातरत ऐकत होता.

"गुरुजी, राग मानू नगा. तुमी हैद्राबादला पास झाल्ता का नापास?"

पारावरची माणसं खो खो हसली. एवढ्या एका प्रश्नानं जर्मनीतल्या त्या बाईचं गणित खडकवाडीत निकालात निघालं.

मग ते बलभीमकडं गेले. बलभीम चाक आडावर बसवत होता. एक खांब उभा केला होता, दुसऱ्या खांबाला लाकूड नव्हतं, म्हणून आस त्यानं सरळ घराच्या भिंतीतून आरपार घातला होता. आत चुलीशेजारी आसाचं टोक निघालं होतं आणि ते निसटू नये म्हणून त्याला आडवी हातभर खुंटी ठोकली होती. आसावरून दोराचा फेर आडात गेला होता, दोराला डालड्याचे डबे.

"बलभीम, हे होणार नाही. काल जे झालं नाही ते उद्याही होत नसतं. असाच कायदा आहे."

बलभीम वाकस खाली ठेवून उठला. पहिल्यांदाच त्यानं गुरुजींकडं रागानं बघितलं.

"कालचंच उद्या हुनार आसंल, तर गुरुजी, आमच्यासारक्यानं सकाळी उठायचं कशाला? माजी दोन लेकरं काल गेली. म्हंजी हेबी जानार म्हना की!"

"तसं नाही रे—"

"मंग कसं? तुमीच म्हनलाव, अक्षय्य हाय. आता आमच्या हाताला आली तर म्हंता न्हाय."

गुरुजींना म्हणायचं होतं की कायदा तोच राहतो, नशीब तेच राहतं असं नाही. लेकरू वाचू शकतं. फक्त दोर तू ओढ. हसू देत बायांना. हे सगळं त्यांच्या ओठावर होतं. भिंतीच्या भोकातून दगडाबाईचा डोळा त्यांच्याकडं बघत होता. ते परत फिरले.

साहेब सोमवारी सकाळी जीपनं आला. खुर्ची, हार, नारळ. सगळी खडकवाडी आडाभोवती जमली. बलभीमनं धुतलेलं धोतर नेसून चाकाला हळद-कुंकू वाहिलं आणि धक्का दिला.

दगड घरंगळले. दोराला ताण आला. चाक दीड फेरा फिरलं आणि अडलं. बलभीमच्या तोंडाचा रंग उडाला.

आणि मग चाक पुन्हा हललं. हळू, अडखळत, पण हललं. पहिला डबा काठावर आला, पन्हाळीत पाणी पडलं. गाव ओरडलं. कुणी गुलाल उधळला. पाटलानं साहेबाच्या गळ्यात दुसरा हार घातला.

फक्त एक माणूस आसाकडं बघत होता. आधी आस फिरायचा, मग दोर ताणायचा, मग खणातले दगड खडखडायचे. चाक आस फिरवत नव्हतं. आस चाकाला ओढत होता. ताकद भिंतीतून येत होती.

गुरुजी गर्दीतून मागं सरकले, घराला वळसा घालून परड्याच्या दारानं आत शिरले.

चुलीशेजारी दगडाबाई उभी होती. दोन्ही हात खुंटीवर, कपाळ भिंतीला टेकलेलं, पदर दातात. दहा परसांचं पाणी तिच्या दंडावर आलं होतं. गुरुजींनी तिचे हात सोडवले आणि खुंटी स्वतः धरली. एका श्वासाचाही खंड पडू दिला नाही. ती भिंतीला घसरत खाली बसली.

ज्या माणसानं सगळ्या गावाला सांगितलं होतं की हे चाक फिरणार नाही, तोच ते फिरवत होता. खडूशिवाय काही न उचललेले हात. पाचव्या फेऱ्याला तळव्याची साल निघाली.

बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"गुरुजी कुटं गेले? आना की त्यास्नी!" पाटलाचा आवाज.

"पळाले!" कुणीतरी म्हणालं. हशा.

"न्हाय, न्हाय, तसं म्हनू नगा," हा बलभीम. "त्यांनीच शिकविलं मला. ऊर्जा अक्षय्य असती. त्यांच्यामुळंच फिरतंय हे."

गुरुजींच्या घशातून एक आवाज निघाला. हसण्याचा होता का दुसरा कसला, दगडाबाईला कळलं नाही.

"किती वेळ चालतं हे?" साहेब विचारत होता.

"थांबतच न्हाय, सायेब."

"कमाल आहे. मग खडकवाडीला इंजिन कशाला? ते ईट गावाला देऊ, तिथं फार ओरड आहे. पाटील, लिहून घ्या."

गुरुजींनी ओरडायला तोंड उघडलं. पण ओरडायचं तर सांगावं लागणार होतं की मी कुठून ओरडतोय. दोर आला, डबा आला, पन्हाळीत पाणी पडलं, पुढचा डबा.

"आम्ही पाटलांकडं जेवून येतो," साहेब म्हणाला. "तासाभरानं बघू. चालूच असेल तर कलेक्टरसाहेबांना कळवतो. सुतार, तुम्ही इथंच थांबा. कुणाला हात लावू देऊ नका."

"सायेब, कोन लावतंय हात!" बलभीम म्हणाला. त्याचा आवाज आनंदानं चिरकला होता.

जीप गेली, पण गर्दी हलली नाही. पोरं डबे मोजत होती.

आत दगडाबाईनं पोटाशी हात धरला होता. ती ओणवी झाली. तिच्या तोंडावरचा घाम गुरुजींनी बघितला आणि तिच्या टाचेजवळ भुईवर पडलेला तांबडा थेंब बघितला.

"बाई—"

"कायबी न्हाय."

"सिताबाईला बोलावतो."

"तुमी खुटी सोडली की चाक थांबंल, गुरुजी. ते तितंच हुबे हायेत."

"थांबू दे चाक!"

"हळू बोला," ती कळवळून म्हणाली. "हळू बोला, ऐकतील."

दुसरा थेंब पडला. गुरुजींनी खुंटी सोडली. बाहेर दोर करकचला, एक डबा आडात आपटल्याचा आवाज आला, आणि पोरांचा गलका एकदम बंद झाला. गुरुजी परड्याच्या दाराकडं धावले. सिताबाईचं घर वेशीपाशी, जायला यायला पाव तास.

उंबऱ्यात त्यांचा पाय पडला असेल नसेल, पाठीमागं आस पुन्हा करकरला, आणि बाहेर गाव आनंदानं ओरडलं.